तिसरी तार

पेपरात निफाडचा आकडा येतो,
आणि इथे जेल रोडला
नळ उघडला की बोटं आखडतात.

गीझर पंधरा लिटरचा. मी हसायचो त्याला.
एकलहऱ्याला बॉयलरवर एकतीस वर्षं काढलेला माणूस,
भट्टीत डोकवायला निळी काच लागायची ज्याला,
त्यानं या पांढऱ्या डब्यापुढे हात जोडायचे?

बिल्डिंगमध्ये सगळे मलाच विचारतात.
दिवा लागत नाही? आधी खटका बघा.
पडला असेल तर एकदा उचला. एकदाच.
पुन्हा पडला तर त्याला काही सांगायचं आहे.
दिवा आहे आणि पाणी गार, तर कॉइल गेली.
आतून भाजी लागल्यासारखी गुरगुर येते
तो बोअरचा क्षार, पाच वर्षांचा, अंगठ्याएवढा जाड.
झडपेतून थेंब पडतो? पडू द्या.
तळमजल्यावरच्या सोनजेंनी तिथे लाकडी खुंटी ठोकली होती,
मी चप्पल न घालता धावलो.

आणि तिसऱ्या मजल्यावरची कॉलेजची पोरं,
गॅस गीझर, खिडकीला थंडीचा पुठ्ठा.
फाडला मी तो पुठ्ठा त्यांच्यासमोर.
म्हटलं, ज्योत श्वास घेते रे,
तुमच्याच वाट्याचा.

हे सगळं मला येत होतं.

शैला आठ दिवस म्हणत होती,
नळाला हात लावला की मुंग्या येतात.
मी म्हणालो, थंडी.
मी म्हणालो, सांधे.
मी म्हणालो, बी-ट्वेल्व्ह तपासून घे.

नवव्या दिवशी आतून तांब्या पडला.
पडलेला पान्हा मी झोपेतही ओळखतो,
हा आवाज तसला नव्हता.
टेस्टर नळाला टेकवला.
तीळभर, तांबूस, पेटला.

एकलहऱ्याला लाल पाटी असायची:
काम चालू आहे, बटण दाबू नये.
ज्यानं बांधली त्यानंच सोडायची,
साहेब आला तरी थांबायचं.
मी शैलाच्या जुन्या पोलक्याची पट्टी फाडली,
लाल नव्हती, डाळिंबी होती,
मेन स्विच पाडून त्याला बांधली,
आणि फोन लावला.
हे माझ्यानं व्हायचं नाही,
हे वाक्य म्हणायला घशाला सराव नव्हता.

धात्रकांची मुलगी आली, सातपूरच्या आयटीआयची.
इंजिनिअर म्हणालो तर म्हणाली, टेक्निशियन, काका.
दारात बूट काढले,
मग न्हाणीघर बघून परत घातले. रबरी तळ.
कॉइल चिरली होती, करंट पाण्यात उतरत होता.
पण उतरला तर जमिनीत जायला हवा, ती पुटपुटली,
आणि सॉकेट उघडलं.

तिसरी तार. हिरवी. कशालाच न जोडलेली,
मागे दुमडून टेप लावलेली,
तीन वेढे, टोक आत खोचलेलं, सफाईदार.

तो हात मी ओळखला.
रंगकामाचं साल, तार पुरत नव्हती,
दिवाळी दोन दिवसांवर.
नंतर जोडू, म्हटलं होतं कुणीतरी.

"कुणी केलंय हे काम?" तिनं विचारलं.
माझ्या हातात टॉर्च होती, ती जरा हलली.

स्वयंपाकघरातून शैलाचा आवाज आला,
"होता एक वायरमन. बरीच वर्षं झाली.
माणूस बरा होता."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं नाही.
तार जोडली, मीटर लावला, पुन्हा लावला,
बिल लिहिलं. पट्टी सोडायला मात्र
मला बोलावलं.

आता पाणी कढत येतं.
शैला नळाला अजून
आधी हाताची मागची बाजू लावते, क्षणभर,
मग चावी फिरवते.
मी बाहेर टॉवेल घेऊन उभा असतो
बादलीत धार पडेपर्यंत.