एकशे चौतीस

फर्मागुडीच्या चढावर, कॉलेजच्या गेटसमोर,
शाणू गावसच्या झेरॉक्सच्या दुकानात
मी गेली तीन वर्षं पानं मोजतो.

तीनशेपैकी एकशे चौतीस.
लागतात एकशे पस्तीस.
प्रवेश परीक्षेत माझा नंबर वर होता,
मेकॅनिकल सहज मिळालं असतं
हे आता कुणाला सांगत नाही.
सांगितलं की लोक घड्याळ बघतात.

पर्वरीच्या खिडकीतल्या मिनेझिस बाई वाईट नव्हत्या.
कॅल्क्युलेटरवर त्यांनी पुन्हा बेरीज केली
आणि यंत्र माझ्याकडे वळवून धरलं,
खोटं बोलत असेल तर मीच पकडावं म्हणून.
फेरतपासणीचे पैसे आईने दिले,
सुपारी सोलून साठवलेले.
उत्तर आलं: बदल नाही.

केमिस्ट्रीत उत्तरापुढे एकक लिहायचं राहिलं होतं.
मोल प्रति लिटर. एवढंच.
रोज पहाटे सोसायटीत दूध घालणारा मी
लिटर विसरलो.

बाप पाडेली.
सावईच्या कुळागरांतून माडावर चढतो.
नारळ मोजताना दोन्ही हातांत दोन-दोन धरतो
आणि शेकडा भरला की वर दोन टाकतो,
भाटकार असो, गिऱ्हाईक असो, देऊळ असो.
त्याला वाटलं बोर्डातही तसंच असणार.
"तीन शेकड्यांवर सहा यायला हवे होते," म्हणाला,
"एक तरी टाकायचा रे त्यांनी."
गुण वेगळे, नारळ वेगळे, मी म्हटलं.
"पण मोजणारी माणसंच ना?"
मग कोयता घेऊन धार लावायला बसला,
धार होती तरी.

काल एक मुलगा आला, वास्कोचा, व्हेंझिल.
प्रोजेक्ट रिपोर्ट, तीन प्रती, स्पायरल बाइंडिंग.
छापता छापता पान एकेचाळीस वाचलं:
दाब न्यूटनमध्ये लिहिलेला.
पास्कल हवा, मी म्हटलं.
त्याने मोबाइलवरून मान वर केली, माझ्याकडे नीट पाहिलं.
"सर एवढं बघत नाहीत. मार तू पंच."
मारला.

एका प्रतीची पानं एकशे पस्तीस.
मी पुन्हा मोजली,
थुंकी लावून, एकेक सुटं करून.
एका पानाचे पैसे सोडता आले असते.
बापाने दोन पानांचे सोडले असते.
मी सगळे घेतले.

रात्री तो पाय कोमट पाण्यात सोडून बसला होता.
"धंदा कसा काय?"
बरा, म्हटलं.