सातचा आकडा

कोठावाला पुण्याहून आला, खिशात पांढरे हातमोजे घेऊन.
घड्याळ फणशांचं, दुकान माझं:
बोहरा बाखळीच्या तोंडाशी, पावणेपाच फूट रुंद,
पाटीवर अजून ‘टिल्लू वॉच कंपनी’.
कंपनी म्हणजे बाबा होते आणि एक स्टूल.
आता मी आहे. स्टूल तेच.

चौकोनी, पोलादी, उलटं होणारं घड्याळ.
अंगठ्याने सरकवलं की कूस बदलतं,
काच आत, पाठ बाहेर.
पोलोच्या धुमश्चक्रीत चेंडू बसून काच फुटू नये
म्हणून कुणा परदेशी कारागिराने
घड्याळाला तोंड फिरवायला शिकवलं.

अशांच्या पाठीवर राजचिन्हं असतात,
नाहीतर खेळाडूची आद्याक्षरं.
याच्या पाठीवर नुसतं: मैना.

फणशांचे आजोबा घोड्यांचे डॉक्टर.
पोटशूळाने लोळणाऱ्या एका घोडीला
त्यांनी रात्रभर चालवलं, दोरी धरून,
तिच्याशी बोलत, शिव्या देत, पुन्हा बोलत.
उजाडताना तिने गवतात तोंड घातलं.
मालकाने मनगटावरचं उतरवलं,
घोडीचं नाव कोरून घरी धाडलं.
ही हकीकत घरात कुणालाच पटली नाही.
डॉक्टरांची बायको शेवटपर्यंत
त्या मैनेच्या नावाने बोटं मोडत राहिली.

कोठावाला भिंगातून बघत होता.
रस्त्यावर कुणीतरी ओरडलं, ‘भिया, गाडी काढ ना!’
कढीतल्या जिऱ्याचा वास आत आला.
त्याने श्वास रोखला होता.
मीही.

‘जगात अशी चाळीसही नसतील,’ तो म्हणाला.
दारातल्या पायरीवर फणशांचा नातू सरसावून बसला.
मग रिपोर्ट वाचताना डॉक्टर आणतात तसा
आवाज खाली आणून:
‘पण तबकडीला कुणीतरी हात लावलाय.
अकरा आकडे कारखान्याचे. हा सात कुणाचा तरी.
जशीच्या तशी असती तर अठरा लाख.
आता साडेतीन. तेही मी वेडा म्हणून.’

फणशांच्या नातवाने मोबाइलवर वजाबाकी केली.
वजाबाकी साधी होती, तरी त्याने दोनदा केली.

मी भिंग घेतलं. न घेताही दिसत होतं.
सात. मान जरा पुढे काढलेली,
आणि कमरेशी एक ठिपका, मुंगीच्या डोळ्याएवढा.
बाबा साताला आडवी रेघ द्यायचे.
एकदा कुणी त्यांचा सात एक म्हणून वाचला
आणि सहा रुपये बुडाले, तेव्हापासून.
इथेही ब्रश टेकला असणार सवयीने,
मग आठवलं असणार की ही वही नाही,
आणि हात मागे घेतला असणार.
तेवढं मागे घेणं राहिलंय तिथे,
साठ वर्षं वाळून.

वही मी परवाच काढली होती माळ्यावरून.
‘डॉ. फणसे. हौदात पडलेले.
साफसफाई, तेल, सात पुसट तो भरला.
रु. ८. येणे.’
येणे वर काट नाही.

म्हणजे बाबांनी आठ रुपयांत
फणशांचे साडेचौदा लाख घालवले,
आणि ते आठही त्यांना मिळाले नाहीत.
हसू आलं. दाबलं.
हसल्यावर मी बाबांसारखी दिसते म्हणतात,
आणि कोठावाला आकडे ओळखण्यात हुशार होता.

‘खरवडून निघेल हा?’ त्याने विचारलं.
‘खाली मूळचं काही असेल.’
‘खाली काही नाही,’ मी म्हटलं.
‘पाणी शिरलं होतं.’

त्याने मान वर केली.
‘तुम्हाला कसं माहीत?’

मी अंगठ्याने घड्याळ सरकवलं.
त्याने निमूट कूस बदलली.
मैना वर आली.