तोलार

झेरॉक्सच्या दुकानावरची खोली, विश्रामबाग.
खालचं शटर ओढलं की आमचा शनिवार सुरू होतो.
सन्मतीचा धनुर्धर, मुबीनाची चेटकीण,
आणि मी उरलेलं सगळं जग:
वारा, पहारेकरी, खानावळवाली, तिची शेळी.

तीन महिने लागले त्यांना तोलारापर्यंत पोचायला.
हरिपूरच्या पेवांत राहतो तो, हळदीच्या अंधारात.
माणसांचे आवाज तराजूत घालतो.
शिंगं नाहीत, सुळे नाहीत.
बोलण्याआधी रुमालाची घडी घालतो, चौकोनी,
आणि म्हणतो, “बसा. दमला असाल.”

ती घडी मार्केट यार्डातल्या दिवाणजींची.
चोरलीय मी. यांना सांगितलेलं नाही.

आज सन्मतीला वीस पडले.
तो खुर्चीवर चढला, भडंग सांडलं नकाशावर,
अर्धं राज्य कुरकुरीत.
मी तोलाराला मरू दिलं. फासा म्हणजे फासा.
मरताना त्यानं रुमाल तेवढा नीट ठेवला.

मग कुणी ओरडलंच नाही.
मुबीना म्हणाली,
“तराजूत शेवटचा आवाज कुणाचा होता रे?”

मला कुठं ठाऊक!
पुठ्ठ्याआड एक फासा उगाच टाकला,
नुसती खडखड ऐकू जावी म्हणून,
आणि म्हणालो, “पुढच्या शनिवारी.”