बिनकडीची खोली

रात्री दोन चाळीसला दांडेकर पुलाच्या चौकात
एक इसम
नसलेली वाहतूक नियंत्रित करत होता.

डायरीत असंच लिहिलं मी.
अकरा वर्षांत हात आपला आपण लिहितो:
सदर इसम, वय अंदाजे पंचेचाळीस,
अंगात निळा शर्ट, पायात काही नाही.
हे नाही लिहिलं, की ते काम तो फार छान करत होता.
डावा हात आडवा, तळवा उघडा,
रिकाम्या रस्त्याकडे बघून, मान जराशी झुकवून,
या, या, सावकाश.

घोलपनं शिट्टी मारली.
तो पळाला. पडला. कोपर फुटलं.
मग चौघांनी धरायचं ते धरलं.

ठाण्यात आणल्यावर प्रश्न, ठेवायचा कुठे?
लॉकअपला नाही, कायदा नाही म्हणतो,
साहेबांनी फोनवर दोनदा सांगितलं.
मग कुठे, ते एकदाही नाही.
हॉस्पिटल म्हणालं, बेड नाही,
मेमो आणा, नातेवाईक आणा,
मोठे डॉक्टर नऊला.

नऊला अजून साडेपाच तास.
साडेपाच तास म्हणजे किती,
ते त्याच्या गुडघ्यांना विचारावं,
बाकाला लागून टकटक टकटक करणाऱ्या.

हिंडून बघितलं सगळं ठाणं.
इथली प्रत्येक खोली
माणसाला आत डांबायला नाहीतर बाहेर ताटकळत ठेवायला.
नुसतं बसावं, अशी एकही नाही.
मुद्देमालात चौदा सायकली, दारूचे कॅन, एक हार्मोनियम
पावती लावून निवांत पडलेली.

शेवटी आमची, बायांची, कपडे बदलायची खोली उघडली.
आरशाचा तुकडा उचलला.
खिळ्यांवरच्या ओढण्या काढल्या, मग खिळेही.
कडी आतून लागायची. स्क्रू पिळून तीही काढली.
घोलप म्हणाला, मॅडम, सरकारी मालमत्ता.
म्हटलं, लिहून ठेव.

आत पाऊल टाकताच तो म्हणाला,
ती ट्यूब बंद करा, माझं नाव घेते सारखं.
बटण वर्षभर बिघडलेलं.
स्टुलावर चढले,
गरम ट्यूब ओढणीत धरून फिरवली
आणि तान्ह्या पोरासारखी
दोन्ही हातांवर घेऊन बाहेर आणली.

अंधारात तो बराच वेळ गप्प.
मी उंबऱ्यात, पट्टा सोडून, काठी लांब ठेवून.
मग म्हणाला, आता तुम्ही विचारा नाव.
दिगंबर खळदकर. गाव सासवडच्या अलीकडे.
शाळेत होतो, प्रयोगशाळेत,
मुलांनी फोडलेल्या परीक्षानळ्या मोजायचो.

माझा गुन्हा काय?
काही नाही.
मग पळालो का मी?
शिट्टीमुळे.
मग शिट्टीवर लिहा.

हसला का, ते अंधारात दिसलं नाही.

माझ्या एका मामाला
इंदापूरला बाजेला बांधायचे.
पोलीस नव्हते बोलावले कुणी. दोरी घरातलीच होती.
त्याला पाणी पाजायला मला पाठवायचे, लहान म्हणून.
हे मी दिगंबरला सांगितलं नाही.
पाणी दिलं फक्त, स्टीलच्या नाही, कागदी पेल्यात.

सकाळी जाळीची गाडी बघून तो भिंतीला चिकटला.
रिक्षा केली. भाडं माझं.
कॅज्युअल्टीत एक नवखी डॉक्टरीण,
डोळे रात्रपाळीनं सुजलेले,
तिनं नाव त्याला विचारलं, मला नाही.
तो माझ्याकडे बघत राहिला,
मी मुद्दाम भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे.
मग त्यानंच सांगितलं.

आता अर्ज केलाय.
एक खोली हवी. गादी, खिडकी,
गुणगुणत नाही असा दिवा,
बाहेर जायला मोकळं दार,
आणि रात्री तीनला फोन उचलणारा एक डॉक्टर.
अर्ज परत आला, कोपऱ्यात लाल शाईत:
खर्च कोणत्या शीर्षाखाली?

ट्यूब पुन्हा बसवली. तीनदा फडफडली, लागली.
मी कान देऊन ऐकलं थोडा वेळ.

कडी अजून ड्रॉवरमध्येच आहे.
कपडे बदलताना आम्ही आता
एकीनं आत, एकीनं दाराशी उभं राहायचं ठरवलंय.