निरंक

सात पानांचं शपथपत्र.
स्थावर मालमत्ता : निरंक. सोनं : निरंक.
यंत्रमाग : होते आठ, दिवाळीआधी भंगारात विकले.
मासिक उत्पन्न रुपये अकरा हजार फक्त,
कुणाच्या तरी कारखान्यात मुकादम म्हणून.
खाली सही, श्रीहरी राजय्या कोडम.
'ड'चं पोट नेहमीसारखं फुगलेलं.

निरंक हा शब्द मीच शिकवला त्याला
लग्नाच्या दुसऱ्या वर्षी.
साठ्याच्या वहीत तो नुसती रेघ ओढायचा.
म्हटलं, रेघेचं काही खरं नसतं,
मागनं कुणीही तिच्यावर आकडा बसवतो.
शब्द लिही.
जीभ दाताखाली धरून त्यानं लिहिला.

एकोणीस वर्षं मी वह्या लिहिल्या
साखर पेठेतल्या माडीवर, खाली आठ माग चालू.
चिन्ना त्या आवाजात झोपायचा.
वीज गेली की दचकून उठायचा,
शांततेनं.

वकीलबाई चष्मा पुसत विचारतात, पुरावा?
पाटल्या मोडून दोन माग घेतले त्याची पावती
त्याच्याच कपाटात.
अक्कलकोट रोडला जाऊबाईच्या भावाची शेड आहे
हे मला माहीत आहे.
माहीत असणं म्हणजे कागद नव्हे, म्हणतात त्या,
आणि त्यांचंही बरोबर आहे.

रविवारी चिन्ना बापाकडून येतो.
केसांत रुई. पापणीवरसुद्धा एक तुकडा.
मुकादमाच्या खोलीवर रुई कुठून आली रे,
असं विचारता आलं असतं.
तेरा वर्षांचा आहे. खोटं बोलताना कान लाल होतात,
बापाचे होतात तसेच.
मी नुसती फणी घेतली. म्हटलं, मान खाली कर.
त्याला साक्षीदार करायचा नाही
एवढं एक मी ठरवलंय. बाकी सगळं सुचेल तसं.

सोमवारी रिक्षानं गेले.
शेडसमोरच्या टपरीवर दोन कप चहा घेतला,
एक लागत नव्हता तरी.
पत्र्याच्या भिंतीआडून आवाज येत होता.
डोळे मिटले. एक, दोन...
तिसरा लंगडत होता.
धोटा उजवीकडून परतताना अर्धा श्वास अडतो त्याचा,
जुनं दुखणं, गेल्या उन्हाळ्यापासूनचं.
आठही मोजले.
भंगारात गेलेले माग भरल्या दुपारी टॉवेल विणत होते
आणि मला रागाआधी हेच वाटलं, की
मेल्यांनो, तिसऱ्याला तेल तरी घाला.

आवाज कोर्टात नेता येत नाही.

परतताना नवी पेठेत उतरले.
तिसऱ्या दुकानात मिळाला.
गुलाबी काठात तीन हिरवे धागे, मधला दुहेरी.
ताणा भरताना एकदा माझ्याच हातून चुकलं होतं ते.
गिऱ्हाइकाला आवडलं, मग चूक तशीच ठेवली,
सोलापुरात दुसऱ्या कुणाच्या काठाला ती नाही.
लेबल मात्र नवं :
जाऊबाईच्या भाचीचं नाव, पुढे टेक्स्टाईल.
ती पोर अजून आठवीत आहे.

हा माल कधीचा?
ताजा आहे ताई, गेल्या आठवड्यात आला.
धुवायच्या आधीची खळ बोटाला लागली.
किती देऊ? डझन?
एक.
आणि पक्कं बिल द्या. तारीख घालून.
लेबलावरचं नावही लिहा त्यात, सगळं.
एका टॉवेलचं?
तो हसला, पोऱ्याकडे बघून.

एकाच टॉवेलचं, म्हटलं,
आणि त्यानं बिलबुकात कार्बन सरळ करेपर्यंत
काउंटरवर हात टेकून उभी राहिले.