नऊ वर्षांखालील, पाच-पाच

खडकीच्या मैदानावर सकाळी सातला
चुन्याची रेष मीच आखली, वाकडी.
साडेआठला ती बुटांनी पुसून टाकली.

आता चेंडू आत की बाहेर,
मी म्हणेन ते.
दोरीपलीकडून एक बाप ओरडतो,
"रेफ, डोळे घरी ठेवलेत का?"
डोळे आणलेत. शिट्टी भाच्याची आहे,
आतली गोळी अडकते तिच्यात.

गोलात जुईली कांबळे.
हातमोजे कोपरापर्यंत, दादाचे असावेत.
उकिडवी बसून माती बघते.
"सर, रेष इथून होती,"
आणि बोटाने ओढत जाते,
चेंडू आत राहील अशी,
माझी जिथे वळली होती
नेमकी तिथेच वळवून.

बाप आता तिच्यावर ओरडतो.

मी हात मधल्या ठिपक्याकडे करतो.
घड्याळ थांबवायचं राहूनच गेलं.