लदीनीची पाळी

आमच्या वाड्यावर घरं सतरा,
म्हणून खुरसापुढच्या लदीनीची पाळी
एका घरावर सतरा वर्षांनी येते.
आमच्यावर आली ती नेमकी यंदा.

तुला ठाऊक आहे सगळं, तरी सांगते, जेजू.
पास्काच्या फेस्तानंतर तिसऱ्या रात्री
जुवारीतून खनिजाची बार्ज भरधाव गेली.
आगशीच्या बांधाला खेकड्यांनी भोकं पाडलेलीच होती,
तिची लाट आली
आणि मागोमाग नदी आत आली,
न विचारता, घरच्यासारखी.
सकाळी बोस्त्यांव गुडघाभर पाण्यात उभा,
जिथे संध्याकाळी मिठाच्या एकवीस राशी होत्या.
त्याने ओंजळभर पाणी घेतलं, चाखलं,
म्हणाला, "खारट आहे."
त्यानंतर महिनाभर तो बोलला नाही.

मी बोलले. तुझ्याशीच,
पहाटे तीनला दुसरं कोण जागं असतं?
पाद्री म्हणाले, "आनंद करा, सदा करा,
तसं पत्रात लिहिलंय."
मी म्हटलं, "फादर, ज्यानं पत्र लिहिलं
त्याला सोसायटीचा हप्ता होता का?"
ते रागावले नाहीत. म्हणाले,
"तो तुरुंगात होता, बाई."
मग मी गप्प.

दोन किलो चणे उधारीवर. खोबरं आमच्या माडाचं.
फेणी अर्धी बाटली, तीही भावोजींनी ठेवून गेलेली.
चुना पुरला तेवढा खुरसाला लावला,
मागची बाजू तशीच राहिली.
(मागून तुला कोण बघतं?)
पलीकडच्या सुलक्षाने अबोलीचा वळेसर आणला,
पैसे विचारले तर दोन पावलं मागे सरली,
जणू मी तिला मारायला उठले होते.

मिस्त एलतेर, वय ब्याऐंशी,
व्हायोलिनची एक तार तुटलेली,
तीन तारांवर तुझ्या आईची नावं घेत होता.
पहाटेचा तारा. ओरा प्रो नोबिस.
सोन्याचं घर. ओरा प्रो नोबिस.
मेणबत्त्या वाऱ्याने एका बाजूला कललेल्या,
मुलांचं लक्ष चण्यांच्या पातेल्यावर.
मग ते नाव आलं,
आमच्या आनंदाचं कारण,
आणि माझे ओठ हलले नाहीत.
तुझ्यासमोर खोटं कशाला बोलू?

नेमक्या त्या जागी
खुरसाच्या पायरीवर झोपलेला सुल्तान उठला,
मान वर केली,
आणि मिस्ताच्याच पट्टीत, लांब, मनापासून, आळवलं.
मिस्त थांबला.
बो हवेत धरून त्याने वाट पाहिली,
चर्चच्या कोरात एखादा म्हातारा सूर ओढतो
तेव्हा पाहावी तशी, अदबीने.
सुल्तानने संपवलं. मिस्ताने मान हलवली
आणि पुढचं नाव घेतलं.

कोणीतरी नाकातून फुसकलं.
मी मागे वळले डोळे वटारून.
बोस्त्यांव होता.
हातातली मेणबत्ती थरथरत होती,
मेण एकुलत्या इस्त्रीच्या शर्टावर सांडत होतं,
आणि तो हसत होता, आवाज न करता, वाकून,
बाजूच्या साल्वादोरच्या खांद्याचा आधार घेऊन.
मग साल्वादोर. मग सगळी रांग.
ओरा प्रो नोबिस म्हणायला सतरा घरांत
एक तोंड शाबूत राहिलं नाही.

मी याला चमत्कार म्हणत नाही.
बांध फुटकाच आहे. हप्ता बावीस तारखेला आहे.
हेही तुझ्या वहीत लिहून ठेव.
पण रात्री पातेलं घासताना
(एक चणा उरला नव्हता)
तुझ्या आईचं जे नाव माझ्याकडून राहिलं होतं
ते मी म्हटलं.
एकदाच. हळू. भांड्यात घुमलं.

पहाटे ओहोटी लागली.
बोस्त्यांवने फावडं काढलं, टोपली काढली.
परसातून मला बांध दिसत नाही, ऐकू येतो:
चिखलाचा धप्प,
मग थोडा दम,
मग पुन्हा धप्प,
आणि मध्ये मध्ये, अगदी बेसूर,
सुल्तानची ओळ.